अहवालात ‘पाय घसरला’ असं लिहू नका

पुणे अग्निशमन दलातले जवान, तांडेल, गाडीचे चालक आणि नियंत्रण कक्षात वर्दी घेणारे, तुम्हा सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी नारायण पेठेत एका जुन्या वाड्यात राहते. वय ६८. २०२१ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, कुणाचं तरी रॉकेट आमच्या माळ्याच्या फुटक्या कौलांतून आत शिरलं आणि तुम्हाला आमच्याकडे यावं लागलं. गाडी लक्ष्मी रस्त्यावरच उभी राहिली, आमच्या बोळात ती येत नाही. तिथून तुमच्या मुलांनी होज पाईप खांद्यावर घेऊन धावत आणले. बोळात दोन्ही बाजूंना आमच्याच वाड्यातल्या स्कूटर लावलेल्या होत्या. त्या उचलून बाजूला ठेवण्यात किती वेळ गेला ते मी मोजलं नाही, पण तेवढ्यात माळ्याच्या खिडकीतून येणारा धूर पांढऱ्याचा काळा झाला होता.

त्या रात्री तुमच्यातला एक जण आमच्या माळ्याच्या फळ्या मोडून खालच्या खोलीत पडला. टाचेच्या हाडाचा चुरा झाला, कमरेला मार बसला. त्याचं वय तेव्हा ३५. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याने मला तशी परवानगी दिली नाही आणि मी मागितलीही नाही.

हे पत्र मी लिहिते आहे कारण तो अपघात नव्हता, आणि ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी कौलं शाकारायला माणूस आला होता. माळ्यावरून उतरताना तो म्हणाला, “वहिनी, खिडकीजवळच्या फळ्यांना वाळवी लागलीये. तुळईसुद्धा पोकळ वाजते. तिथे पाय ठेवू नका.” मी काय केलं? एक जुना पत्रा त्या जागेवर टाकला, त्यावर सतरंजी पसरली. भोक वाढू नये, उंदीर खाली येऊ नयेत, एवढंच मनात. दुरुस्तीचा विषय काढला तर दिरांकडे पुन्हा भांडण झालं असतं. वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर सात नावं आहेत, त्यातली दोन आता हयात नाहीत, एक अमेरिकेत आहे. खाली चार भाडेकरू आहेत, त्यांचं भाडं इतकं जुनं आहे की त्यात एक फळीसुद्धा येत नाही. दुरुस्ती मालकाने करायची की राहणाऱ्याने, यावर आमच्याकडे तीस वर्षं बोलणं चाललंय. जुन्या पेठांत राहणाऱ्या कुणालाही हे नवं नाही.

आग लागली तेव्हा आम्ही सगळे चौकात उभे होतो. तो जवान पाठीवर हवेचा बाटला, तोंडावर मुखवटा लावून जिन्याकडे निघाला. त्याने मान वळवून विचारलं, “वर कुणी आहे का?” मी म्हणाले, “कुणी नाही, पण खिडकीपाशी कागदांची पेटी आहे!” पेटीत वाड्याची जुनी कागदपत्रं होती. पेटी कुठे आहे ते मी सांगितलं. फळ्या कशा आहेत ते सांगितलं नाही. आठवलं नाही असं मी स्वतःला बरेच महिने सांगत होते. ते खरं नाही. आठवलं होतं. पण सांगितलं तर तो पेटीपर्यंत जाणार नाही, हेही त्याच क्षणी मनात आलं होतं.

पेटी वाचली. आजही ती माझ्या कॉटखाली आहे.

हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेले तर तोच मला समजावत होता. “काकू, तुमचा काय दोष? आग म्हटलं की हे चालायचंच.” त्याची बायको काही बोलली नाही. मांडीवर लहान मुलगी होती, तिला डबा भरवत बसली होती. काही आठवड्यांनी त्याचा मेहुणा वाड्यावर आला. रागावलेला होता, पण सभ्य माणूस. म्हणाला, वकिलाला विचारलंय, तुमच्यावर दिवाणी दावा लावणार. मी घाबरले. तिसऱ्या दिवशी त्या जवानाचाच फोन आला, “काकू, दावा वगैरे काही नाही. मी त्याला सांगितलंय.” मला इतकं हलकं वाटलं की मी देवापुढे साखर ठेवली. आता त्या साखरेची लाज वाटते.

माझा भाचा वकील आहे. तो म्हणाला, “मावशी, तू उगाच घाबरलीस. धोक्यात जाणं हे त्यांचं कामच आहे, त्याचा पगार घेतात.” सोसायट्यांच्या सभांत, चहाच्या टपरीवर, सगळीकडे हेच वाक्य ऐकू येतं. मी त्याला विचारलं, हे कुठे लिहिलंय? त्याने शोधलं. आपल्या कायद्यात असं कुठेच लिहिलेलं नाही. हा विचार अमेरिकेतला. १८९२ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आग विझवायला आत आलेल्या माणसासाठी घर सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर नाही. तो बोलावलेला पाहुणा नव्हे, कामासाठी परवानगीने आत आलेला माणूस. हा नियम मग तिथल्या बऱ्याच राज्यांत पसरला. ओरेगॉनसारख्या काहींनी पुढे तो मोडीतही काढला.

इंग्लंडने मात्र तो घेतलाच नाही. तिथला एक खटला भाच्याने मला वाचून दाखवला, ऑग्वो विरुद्ध टेलर. एका माणसाने आपल्या घराच्या वळचणीखालच्या फळ्यांचा जुना रंग ब्लोलॅम्पने जाळून काढायला घेतला आणि छताला आग लागली. जवान माळ्यावर रांगत शिरला. पाण्याचा मारा सुरू होताच उठलेल्या वाफेने तो संरक्षक कपडे घालूनही भाजला. घरमालकाचं म्हणणं, वाफ काय आणि भाजणं काय, हे त्यांच्या कामात आलंच. १९८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ते मान्य केलं नाही. ज्याच्या निष्काळजीपणामुळे आग लागली त्याने भरपाई द्यावी, समोरचा माणूस धोक्याच्या नोकरीत आहे म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही.

माळा, फळ्या, रांगत शिरलेला माणूस. मी ते दोनदा वाचायला सांगितलं.

मग माझं म्हणणं काय? तुम्ही आम्हा घरमालकांना कोर्टात खेचावं? नाही. तुम्ही नाही. इथे मला तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमच्यापैकी फार थोड्यांना हे कुणी सांगितलं असेल.

त्या रात्री लागू होता तो १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. जुन्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अग्निशमन दलाच्या माणसांचा स्वतंत्र उल्लेख होता. कामावर जखमी झालात तर चूक कुणाची हे न बघता मालकाने, म्हणजे तुम्हाला नोकरीवर ठेवणाऱ्याने, भरपाई द्यायची. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये एक अट होती. त्या जखमेसाठी तुम्ही मालकावर किंवा दुसऱ्या कुणावर दिवाणी कोर्टात दावा लावला, तर या कायद्याखालची भरपाई मागता येत नव्हती. म्हणजे त्या मेहुण्याने रागाच्या भरात माझ्यावर दावा लावला असता, तर सात वारसांच्या, एक अमेरिकेत असलेल्या, दोन स्वर्गवासी झालेल्या आमच्या वाड्यामागे तो जवान कोर्टात वर्षं घालवत बसला असता आणि सरळ मिळणारी भरपाईही गमावली असती. वाडा बघून वाटतं मालक श्रीमंत असणार. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर वसुली करायला गेलेल्या माणसाच्या हाती धूळ लागेल.

त्या कायद्याखाली ती सरळ मिळणारी भरपाई तरी किती होती? आकडे सांगते, कारण मी ते कागदावर मांडून बघितले आहेत. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. ३५ व्या वर्षी तो १९७.०६. पण २०२० पासून पगार कितीही असला तरी हिशेबाला महिना १५,००० रुपयेच धरायचे. म्हणजे १७,७३,५४० रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितकाच वाटा. टाच मोडलेल्या माणसाची २० टक्के धरली तर ३,५४,७०८ रुपये. मुखवटा लावून धुरात शिरणारा माणूस उरलेलं आयुष्य खुर्चीवर काढणार, त्याचे साडेतीन लाख. आमच्या पेठेत एवढ्यात एक बाथरूम नीट होत नाही.

आणि आता त्याच कायद्याचं कलम १३. हे कलम कुणी वापरताना मी पाहिलेलं नाही, आणि या पत्राचं मुख्य कारण तेच आहे. दुखापतीला तिसरा कुणी कायद्याने जबाबदार असेल, तर आधी नोकरी देणाऱ्याने जखमी माणसाला भरपाई द्यायची आणि मग ती त्या तिसऱ्याकडून वसूल करायची. शंभर वर्षांपूर्वीची ही तरतूद, आणि ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. म्हणजे जखमी जवानाने कुबडी घेऊन शिवाजीनगर कोर्टाचे जिने चढायची गरज नाही. त्याचे पैसे त्याला मिळावेत. आमच्यासारख्यांच्या मागे लागायचं काम दलाने करावं, त्यांच्याकडे वकील आहेत, कागद आहेत, वेळ आहे.

पण दल कशाच्या आधारावर मागे लागणार? घरात काय लपलेलं होतं ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं ना. माझ्या बाबतीत अहवालात काय लिहिलं गेलं ते त्या जवानानेच मला नंतर सांगितलं. ‘आग विझवताना अंधारात पाय घसरून पडलो.’ स्वतःच्या तोंडाने त्याने तसं सांगितलं होतं. सतरंजी, पत्रा, वाळवी, काही नाही. मी विचारलं, असं का रे बाबा? म्हणाला, “काकू, तुमच्या घराला आधीच आग लागलेली. त्यात आणखी तुमच्या मागे कशाला लावायचं?”

तुमच्यापैकी किती जणांनी असं लिहिलंय? मला वाटतं, बऱ्याच जणांनी. मांजर काढताना, मांज्यात अडकलेली घार सोडवताना, बाल्कनीचं ग्रिल कापून कुणाची म्हातारी बाहेर काढताना जे लागतं, ते तुम्ही ‘किरकोळ’ म्हणून सोडून देता. लोक रडत असतात, त्यांचं घर जळालेलं असतं, आणि तुम्ही मनाने चांगले आहात. पण हा चांगुलपणा तुमच्याच मुलांच्या ताटातून जातो. आणि दुसरं म्हणजे, आम्ही शिकत नाही. त्या अहवालाने माझी सुटका केली म्हणून शेजारच्या वाड्यातल्या फळ्या आजही तशाच आहेत.

दर वर्षी १४ एप्रिलला तुम्ही मुंबईच्या गोदीतला १९४४ चा स्फोट आठवता. फोर्ट स्टिकिन जहाज, ६६ जवान. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीत गोकुळ निवास जळताना कोसळलं आणि मुंबईच्या दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. आपल्या शेजारी दापोडीत डिसेंबर २०१९ मध्ये ड्रेनेजसाठी खणलेल्या खड्ड्यात मजूर गाडला गेला, त्याला काढायला उतरलेल्या जवानावरही माती आली, दोघेही गेले. आम्ही हार घालतो, शहीद म्हणतो. मला तो शब्द अशा वेळी नीट वाटत नाही. खड्ड्याच्या भिंतींना आधार का नव्हता, हा प्रश्न त्या शब्दाखाली झाकला जातो. माझी सतरंजी तसंच काम करत होती.

यावर मला सांगण्यात आलेली एक भीती खरी आहे आणि मी ती टाळणार नाही. १०१ लावला की उद्या वसुलीची नोटीस येईल असं लोकांच्या डोक्यात बसलं, तर लोक फोनच लावणार नाहीत. स्वतःच बादल्या घेऊन धावतील. आगीच्या पहिल्या काही मिनिटांत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. भिंतीएवढी आग छताएवढी होते. कढईतलं तेल पेटलं, समई कलंडली, रॉकेट कौलात घुसलं, यासाठी कुणाकडून एक पैसाही मागू नये. माणसाच्या हातून आग लागते. ती विझवणं हेच तुमचं काम आहे असं तुम्हीच म्हणता आणि त्याबाबतीत माझा भाचा बरोबर होता.

वसुली फक्त लपवण्याची व्हावी. जे माहीत होतं आणि सांगितलं नाही, त्याची. घरगुती कनेक्शनच्या नावाखाली जिन्याखाली रचलेले धंद्याचे सिलिंडर. मीटरच्या खोलीत भरलेलं रद्दीचं गोदाम. आणि कायद्याने जे ठेवायलाच हवं ते फक्त कागदावर ठेवणं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि राहणाऱ्यांवर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासून दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत हा फॉर्म वेळेवर जातो आणि पंपाच्या खोलीची चावी कुणाकडे आहे ते वॉचमनला ठाऊक नाही. अशा ठिकाणी अकराव्या मजल्यावर कोरडा पाईप हातात घेऊन उभ्या राहिलेल्या जवानाला काही झालं, तर सचिवांनी ‘त्यांचं कामच आहे’ असं म्हणू नये.

आणि जो सांगेल तो सुटावा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोनवर किंवा दारात ज्याने सांगितलं की माळा कच्चा आहे, आत दोन सिलिंडर आहेत, जिन्याची तार उघडी आहे, त्याच्याकडून कधीही काही वसूल करू नये, मग ती फळी कितीही सडलेली असो. म्हणजे फोन करायची भीती उरणार नाही, उलट बोलायची घाई होईल. मला त्या रात्री माहीत असतं की एका वाक्याने मी सुटणार आहे, तर मी पेटीच्या आधी फळ्या ओरडून सांगितल्या असत्या. निदान मला तसं वाटतं.

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या आहेत, आणि तुमच्या वरिष्ठांनीही त्या वाचाव्यात. जखम कशी झाली ते खरं लिहा, घरातलं माणूस समोर रडत असलं तरी. भरपाईचा अर्ज करा, ‘चालायचंच’ म्हणून सोडू नका, आणि रागाच्या भरात कुणाला आमच्यावर दावा लावू देऊ नका. नियंत्रण कक्षातल्यांना एवढंच, की पत्ता आणि खूण विचारून झाली की आणखी एक प्रश्न विचारा, “आत आमच्या माणसाला लागेल असं काही आहे का?” घाबरलेल्या माणसाला स्वतःहून सुचत नाही. विचारलं की सुचतं.

हा प्रश्न आता एक जण विचारतो. टाच बसली नाही, शिडी चढता येत नाही, म्हणून तो फोनवर बसतो. त्याने स्वतःच सुरू केलंय हे त्याच्या बायकोने मला सांगितलं. आता ती माझ्याशी बोलते.

माझ्या बाजूने मी एवढं केलं आहे. त्या रात्री मला काय माहीत होतं आणि मी काय सांगितलं नाही, ते स्टँपपेपरवर लिहून, सही करून त्या जवानाच्या हातात दिलं आहे. वापरायचं की नाही ते त्याने ठरवावं. दलाने माझ्याकडून वसुली करायची ठरवली तर मी हजर आहे. माझ्या वाट्याचे पैसे मी बँकेत वेगळे ठेवले आहेत. दिरांशी बोलणं सध्या बंद आहे.

माळ्याच्या फळ्या बदलून झाल्या. सागाच्या परवडल्या नाहीत, लोखंडी चॅनेलवर प्लाय टाकला आहे, दोन माणसांचं वजन पेलतो, सुताराने उभं राहून दाखवलं. बोळात स्कूटर लावायला मी बंदी केली आहे, पण गणपतीत कुणी ऐकत नाही. मुख्य स्विच जिन्याखाली डाव्या हाताला, लाल रंगाने खूण केली आहे. सिलिंडर दोन, दोन्ही मागच्या पडवीत. जिना चढताना भिंतीच्या बाजूने चढा. कठड्याकडची वरून तिसरी पायरी अजून कच्ची आहे.

आपली,
नारायण पेठेतली एक रहिवासी